देव्हारा त्याच भिंतीला राहील

वसंता, हा कागद कुठं ठेवला आहे ते आत्ताच बघून घे, नाहीतर मी गेल्यावर तो शोधण्यात तुझी सुट्टी जायची. तू देवळात छत्री विसरतोस, एस.टी.त डबा विसरतोस, आणि लग्नानंतर पहिल्यांदा इचलकरंजीहून येताना तर बायकोलाच स्टँडवर विसरून घरी आला होतास. विमला ते अजून विसरलेली नाही. कागद देव्हाऱ्याच्या डाव्या खणात, लवंगांच्या पुडीखाली आहे.

मी, धोंडुबाई, प्रभूत निजलेले जोतीराम रामजी सुतार यांची विधवा, धर्म ख्रिस्ती, धंदा घरकाम, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, आपल्या खुशीनं, कुणाच्याही दडपणाखाली नसताना आणि पूर्ण शुद्धीत असताना माझ्यामागची व्यवस्था तोंडानं सांगत आहे. कोर्टातून निवृत्त झालेले शेजारी नृसिंह गोविंद किणीकर, म्हणजे आमचे अण्णा, ती लिहून घेत आहेत. वय अदमासे सदुसष्ट. प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं तेव्हा मी परकर नेसत होते, त्यावरून अण्णांनी हिशेब काढला. नवऱ्याचं नाव मी जन्मात उच्चारलेलं नाही, आताही उच्चारलं नाही; ते शेजारच्या ज्ञानू शिंप्यानं सांगितलं. पुढं मी ‘मालक’ म्हणेन तिथं तेच समजावेत.

अण्णांनी नियमाप्रमाणं विचारलं, “बाई, बुद्धी ठिकाणावर आहे ना?” मी म्हटलं, “अण्णा, मागल्या आवसंला न्हेलेली आमची किसणी कवा परत देताय?” त्यावर त्यांनी ‘पूर्ण शुद्धीत’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

कलम पहिले. राहतं घर. ओसरी, स्वयंपाकघर, अर्धं माजघर आणि परसू, एवढं सगळं माझी सून विमला वसंत सुतार हिच्या एकटीच्या नावे करते. वसंता, तोंड मिट. घर तुला मिळालं तर तू ते विकशील. तू शिकवतोस त्या इचलकरंजीच्या शाळेजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यास, आणि इथली जागा माझा पुतण्या हंबीरराव सुतारकामाच्या कारखान्यासाठी मागतोय, हे तू मला सांगितलेलं नाहीस. पण तू झोपेत बोलतोस. विकू नको असं मी जन्मभरासाठी म्हणत नाही. किती काळ ते कलम पाचमध्ये येईल. तेवढा काळ विमला इथं राहील, आणि तू आता येतोस तसा शनिवारी येशील. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

घराची चतुःसीमा: पश्चिमेस ज्ञानू शिंपी यांचं घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस परसूचं कुंपण, पूर्वेस थोरल्या जाऊबाई चिमणाबाई सयाजी सुतार यांच्या घराची भिंत. मी म्हटलं, अण्णा, पूर्वेचं जरा सविस्तर लिहा. ते म्हणाले, चतुःसीमेत सविस्तर लिहीत नाहीत. म्हणून त्या भिंतीला वेगळं कलम.

कलम दुसरे. पूर्वेची भिंत. ही भिंत आधी नव्हती. दोन भावांचं एक घर, एक चूल आणि एकच माजघर होतं. माजघरात मालकांच्या हातचा सागवानी देव्हारा. पेठेत कुणाला देव्हारा हवा असला की आमच्याकडंच यायचे. मोठे दीर सयाजी लाकूड कापायचे आणि मालक कोरायचे. मग मिशनच्या देवळाचे बाक करायचं काम आलं. बाक तयार झाल्यावर तो कुरकुरतो का बघायला मालक रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक कुरकुरला नाही. पण मालक तो हिवाळाभर दर रविवारी जाऊन बसत राहिले, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाले, “मी आता त्या वाटंनं जाणार हाय. तुला ओढत न्हेणार न्हाई.” मी म्हटलं, “एका घरात दोन देव आनी दोन सैपाक मला झेपायचं न्हाईत.” असं थट्टेत बोलून मी मागोमाग गेले. खरा विश्वास नंतर आला. सावकाश आला, पण आला तो राहिला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मोठ्या दिरांनी भर अंगणात भावाच्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात ती. भाऊ जिवंत, समोर उभा. थंडीचे दिवस. मालक हळूच म्हणाले, “दादा, पानी तापवून तरी घ्यायचं.” त्या बोलण्यानं दीर जास्तच चिडले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी माजघराच्या मधोमध मातीच्या विटांची भिंत घातली. जुना देव्हारा त्यांच्या बाजूला गेला, भिंतीला पाठ लावून. ती भिंत ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही. दीर सुतार होते, गवंडी नव्हते, आणि विटा रागानं रचल्या होत्या.

चिमणाबाईनं माझा पाट्याचा वरवंटा तेवढा भिंत पुरी व्हायच्या आत माझ्या बाजूला सरकवून दिला.

कलम तिसरे. माझा देव्हारा. आमच्या ख्रिस्ती मंडळीत याला देव्हारा म्हटलेलं आवडत नाही. प्रार्थनेचं कपाट म्हणा म्हणतात. मी जन्मभर देव्हाऱ्यापुढं बसलेली बाई. नव्या वाटेवर आले तेव्हा सांगण्यात आलं की देवाला जागा लागत नाही, मन हेच मंदिर. माझं मन म्हणजे आठवड्याचा बाजार. मिरची, सरपण, वसंताचा खोकला, जाऊबाईचा राग. तिथं प्रभूनं बसायचं कुठं? मालकांना किती वर्षं म्हणत होते, मला एक बसायची जागा करून द्या. ते म्हणायचे, “सगळ्या पेठंला देव्हारं करून दिलं, त्यातनं सुटलो, आता परत घरात करू व्हय?” मी रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून बसत राहिले. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. त्याच्याकडं बघून प्रार्थना केली की दोन्ही कामं होत, उठताना कोपराही झाडला जाई.

मग संस्थान विलीन व्हायच्या आधीचा हिवाळा आला. मालकांना धाप लागायची, भावापासून वेगळं झाल्यावर धरलेलं कारखान्यातलं काम सुटलं होतं. एके सकाळी ते न बोलता खडू घेऊन या भिंतीपाशी गेले आणि कान लावून उभे राहिले. पलीकडं चिमणाबाईची पूजा चालली होती. तिच्या घंटेचा आवाज जिथं सगळ्यात स्वच्छ आला, तिथं त्यांनी खूण केली. म्हणाले, “हितं बसव तुजा देव्हारा.” देवळाच्या बाकांतून उरलेल्या फळ्या होत्या, त्यांचा केला. पाठीला फळी पुरली नाही. म्हणून आमच्या देव्हाऱ्याला पाठ नाही, ती भिंतच त्याची पाठ. आत साधा लाकडी क्रूस, पुढं समई, खाली पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलाची, मोठी प्रत. ती मला वाचता येत नाही. वसंता वाचतो आणि मधली पानं गाळतो, ते मला कळतं.

सगळं बसवून झाल्यावर आम्ही दोघं लांब उभं राहून बघायला लागलो, आणि मालकांनी कपाळाला हात लावला. हाताला सवय होती. डोकं बदललं तरी हात बदलले नव्हते. खाली हळद आणि कुंकवाचे दोन खण झाले होते आणि वर, छपराच्या आतून, घंटेची कडी. “काढतो,” म्हणाले. मी म्हटलं, “ऱ्हाऊ द्या की. तुमच्या हातांनीबी प्रार्थना केली, त्यांच्या भाषंत.” त्या खणांत मी वाती आणि लवंगा ठेवते. कडी रिकामीच राहिली.

पाळकसाहेब बघायला आले. म्हणाले, “धोंडुबाई, हा देव्हाराच झाला की.” मी म्हटलं, “सायेब, तुमच्या बंगल्यात जेवायला टेबल हाय, लिवायला टेबल हाय, टोप्या ठेवायला सुदिक खुंटाळं हाय. परारथनेला तेवढी जागा नगं?” ते हसले, आणि भला माणूस, गुडघे टेकून तिथंच प्रार्थना केली. उठताना कडी टाळूला लागली. तेव्हापासून त्यांचं म्हणणं आहे की निदान कडी तरी काढावी. वसंताचंही तेच म्हणणं, पण त्याला कडी कधीच लागलेली नाही. त्याला नुसती लाज वाटते. कडी काढायची नाही.

कलम चौथे. गाऱ्हाणं, आणि ते मागं घेतल्याबद्दल. मालक पुढच्या उन्हाळ्यात गेले. मोठे दीर त्याआधीच वारले होते. हंबीररावाकडं पेटीसाठी निरोप पाठवला, तो म्हणाला, “आमच्या बाबांनी त्यांच्या नावानं कवाच आंगूळ केलीया. आता कसलं सुतक आनी कसली पेटी?” पेटी बाहेरून आणली. त्या माणसानं चुका कशा मारल्या होत्या ते मालकांना दिसलं नाही, एवढंच बरं.

मंडळीच्या बायकांनी चहा आणि पाव आणला. देव त्यांचं भलं करो. पण तो काही कडू घास नव्हे. घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, भावकीनं पिठलं-भाकरी आणून चार घास खायला लावायचे असतात. पेठेनं धरलं की ख्रिस्त्याला सुतक नाही. आणि भिंतीपलीकडून काही आलं नाही. मी दाराकडं बघत बसले होते. आल्यागेल्याला वाटलं, मी मालकांसाठी बघतेय. मी भाकरीच्या दुरडीसाठी बघत होते.

त्याच दिवसांत मालकांचा पितळी ओळंबा, सरळ उभं बघायचं ते दोरीचं वजन, मी त्या रिकाम्या कडीला टांगला. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची दारं सरळ बसवली, त्याची एक वस्तू देवापुढं सरळ लोंबकळत राहावी, म्हणून. आणि चिमणाबाईवर दात धरला. बरीच वर्षं धरला. नंतर दात पडले, तरी राग राहिला.

मग परवाच्या नव्हे, त्याच्याआधीच्या पावसाळ्यात बोळातल्या नळावर हंबीररावाची बायको नंदिनी भेटली. मी टोमणा मारला, “काय गं, तुमच्या घरचा कडू घास अजून वाटंतच हाय जनू?”

ती घागर खाली ठेवून म्हणाली, “धाकट्या आत्याबाई, आमी कुठनं पाठवायचा? आमचीच चूल गार हुती की.”

“तुमची कशापायी गार?”

“मी तवा नवी नवरी. सकाळी च्या ठेवाय गेले, तर आत्याबाईंनी तांब्याभर पानी वतलं चुलीत. म्हनल्या, माझा दीर गेलाय, माझ्या घरात जाळ दिसंल तर बघ. हे खानावळीत जेवले, मी ज्ञानूकाकांच्यात जेवले. त्यांनी सोता काय बी खाल्लं न्हाई. दाराकडं बघत बसल्या हुत्या.”

“कशाला?”

“कुनीतरी कडू घास आनंल म्हनून. सुतकातल्या बाईनं शिजवायचं कसं? आनी कुनी आनलाच न्हाई. समद्यांना वाटलं, ह्या घरानं कवाच आंगूळ केलीया.”

ज्ञानू नळावर होता. त्यानं मान हलवली. माझी घागर भरून वाहत होती; त्या दिवशी मला ती कुणीतरी उचलून दिली.

म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी उपाशी बसलो होतो, एकाच माणसासाठी, आणि दोघींना एकमेकींचा राग आला होता. सबब चिमणाबाई सयाजी सुतार हिच्याविरुद्धचं माझं सगळं गाऱ्हाणं मी या कलमानं मागं घेत आहे, आणि माझ्या वारसांपैकी कुणीही ते पुढं चालवू नये. अण्णा म्हणतात, कायद्यात अशी तरतूद नाही. असू दे.

कलम पाचवे. यात माझा जीव आहे, म्हणून नीट वाचावं. त्या संध्याकाळी समई लावल्यावर मी ओळंबा हातात धरला आणि पाठीच्या भिंतीवर दोनदा वाजवला. मग पलीकडं घंटा वाजली. तिन्हीसांजेची पूजा तर तिची केव्हाच झाली होती.

तेव्हापासून रोज असंच. समोरासमोर आम्ही अजून बोलत नाही. सवय राहिली नाही आणि दोघीही हट्टी. पण ओळंबा दोनदा वाजला की घंटा वाजते. आता चिमणाबाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, चालता येत नाही. तिचं अंथरूण देवघरात हलवलंय आणि नंदिनीनं घंटेला दोरी बांधून तिच्या हातात दिली आहे. दिवस मावळला हे तिला माझ्या ओळंब्यावरूनच कळतं. हंबीररावाला वाटतं, भिंतीत उंदीर झालेत. त्यानं दोनदा सापळा लावला. हंबीरराव, हे तुझ्यापुढं वाचलं जाईल तेव्हा सापळा काढ.

सबब, चिमणाबाई जिवंत आहे तोवर हे घर विकू नये. पूर्वेची भिंत पाडू नये, तिला टेकूसुद्धा विचारल्याशिवाय लावू नये. माझा देव्हारा त्याच भिंतीला, त्याच खुणेवर राहील. इचलकरंजीला नेऊ नये, मंडळीच्या सांगण्यावरून ट्रंकेत घालू नये, कडी काढू नये. रोज समई लागली की विमलानं ओळंबा दोनदा वाजवावा. ती बाळंतपणाला गेली तर वसंतानं रजा काढावी. घंटा आल्याशिवाय प्रार्थनेला बसू नये. घंटा आली नाही तर प्रार्थना तशीच राहू दे, आधी पलीकडं धावत जावं. प्रभू रागावणार नाही. तो स्वतः सुताराच्या घरचा.

वसंता, तू म्हणशील, ही मूर्तिपूजा की काय. ही पूजा नाही. शेजारी कुणी आहे का, एवढं विचारणं आहे. आणि ते विचारल्याशिवाय केलेली माझी प्रार्थना मला कधी वर पोचलीशी वाटली नाही.

चिमणाबाई गेल्यावर हे सगळं सुटलं. मग घर विका, भिंत पाडा, देव्हारा जिथं राहाल तिथं न्या.

कलम सहावे. अवजारं. रंधे, पटाश्या, वाकस, करवती, गिरमिट, सगळी पेटी पुतण्या हंबीरराव याला द्यावी. वसंताला खिळा मारता येत नाही. त्याच्या अंगठ्याचं नख साक्षीला आहे. हंबीररावाचा हात चांगला आहे. तिखट तोंड बापाचं, पण हात चुलत्याचा. ओळंबा मात्र पेटीत नाही. तो कडीला राहील.

बदल्यात त्यानं एक काम करावं. माळ्यावर मालकांनी राखून ठेवलेल्या सागाच्या फळ्या आहेत. त्यांची माझी पेटी त्यानं स्वतःच्या हातानं करावी. पैसे मागितले तर द्यावेत. मागणार नाही असं वाटतं. मला मालकांशेजारी पुरावं. ते जिथं गेले तिथं मी जाणार, याची मला शंका नाही. तिथं भेटल्यावर कडू घासाची हकिगत आधी सांगायची आहे, कारण त्यांनाही भावजयीबद्दल मनात अढी घेऊन जावं लागलं असेल.

ज्या दिवशी मी जाईन, त्या संध्याकाळी समई लावावी, पण ओळंबा कुणी वाजवू नये. तेवढी एक संध्याकाळ. चिमणाबाईला निरोप पाठवायची गरज नाही. तिला कळेल.

येणेप्रमाणे मी सांगितलं, अण्णांनी लिहिलं, परत वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी माझी भाषा सुधारली होती, ती मी परत बिघडवून घेतली. आता बरोबर आहे.

मुक्काम कोल्हापूर, शिवाजी पेठ
तारीख १२ नोव्हेंबर १९५५

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: धोंडुबाई जोतीराम सुतार

साक्षीदार:
१. शांतवन भिकाजी लोंढे, मंडळीचे वडील (सही)
२. ज्ञानू सखाराम शिंपी, शेजारी (सही)

लिहिणार: नृसिंह गोविंद किणीकर (सही). किसणी आज परत केली.

पुरवणी. आता म्हणाल, म्हातारी दुसऱ्यांना विसरभोळं म्हणते आणि सह्या झाल्यावर हिला आठवतं. विसरले नाही. बोटाला शाई असतानाच सांगायचं म्हणून मागं ठेवलं होतं. अण्णा कुरकुरताहेत, खाली दुसरा अंगठा देते, साक्षीदार इथंच आहेत.

ओळंबा वाजला नाही की चिमणाबाई चूल विझवायला लावील. हंबीरराव पुन्हा आंघोळीची गोष्ट काढील. त्याच्याशी वाद घालू नये. पेठेत कुणी तिच्यासाठी काही आणणार नाही, कारण मी तिची कुणी नाही असंच सगळे धरून चाललेत. म्हणून कडू घास आमच्या घरून जाईल. आमचीही चूल त्या दिवशी बंद असेल, तेव्हा विमला, तू ज्ञानूच्या घरी जाऊन त्याच्या चुलीवर कर. त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. पिठलं पातळ कर, तिला दात नाहीत; पण मिरची कमी करू नको, आळणी खाण्याइतकी ती म्हातारी झालेली नाही. ज्वारीच्या दोन भाकरी, मऊ, दुरडीत फडक्याखाली, गरम असतानाच ने, आणि पुढच्या दारानं ने. तिच्या हाताला भाकरी लागू दे, मग बोल. ती दुसरी भाकरी माझ्या नावानं बाजूला काढून ठेवील. वसंताला त्यावर काही बोलू देऊ नको. ठेवू दे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: धोंडुबाई